आधी माझ्या पोटात

किसनमामा पेंडीच्या दुकानात गेले की पोत्यात हात घालतात, सरकीच्या पेंडीचा तुकडा तोंडात टाकतात आणि डोळे मिटून शेळीसारखं रवंथ करत उभे राहतात. दुकानदार बिचारा काट्याला टेकून वाट बघतो. पसंत पडली तर पोतं उचलायचं, नाही तर तिथंच थू! "आदी माज्या पोटात, मंग जित्राबाच्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझं पालमला मेडिकल आहे आणि मामा आमच्या मागच्या गल्लीत राहतात. शेळ्या पाळतात म्हणायचं, पण खरा धंदा संशयाचा. डोकेदुखीची गोळी घेतली तरी पाकीट उन्हात धरून बघणार, "ह्यात नेमकं काय कोंबलंय?" एसटीत चढले की कंडक्टरला विचारणार, "परभणीलाच जायलाय ना?" आणि खाली बसल्यावर शेजारच्याला, "ह्यो खरं बोलायलाय का?"

तर ह्या मामांची लेक बाळंतपणाला आली. पोरगी दोन महिन्यांची होते न होते तोच लेक आजारी पडली आणि परभणीला दवाखान्यात भरती झाली. जावई तिच्यापाशी, पोरगी मामांपाशी. औषधं चालू आहेत तोवर अंगावर पाजायचं नाही म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पावडरच्या दुधाचा डबा लिहून दिला. तो डबा दवाखान्यातच फोडला गेला, म्हणून मामांच्या तपासणीतून सुटला.

तो संपत आला आणि नेमका त्या कंपनीचा माल येईना. मी दुसऱ्या कंपनीचा डबा पुढे केला. मामांनी तो हलवला, कानाला लावला, हुंगला.

"ह्यात तुमाला जास्त सुटत असंल."

"मामा, कमिशन दोन्हींत सारखंच."

"मंग ह्योच कामून दाखवायलाव?"

कपाळाला हात लावला मी. अखेर नेला डबा, पण चोराला धरून नेल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतेय तोवर मामा हजर. चेहरा उतरलेला, एका खांद्यावर पोरगी, दुसरा हात पोटावर.

"इख हाय हे, इख! तांब्या घिऊन पळू पळू जीव गेला माजा."

पेलाभर कालवून आधी स्वतः प्यायले होते! आता ह्या माणसाला जन्मात कधी दूध पचलेलं नाही. दारात एवढ्या शेळ्या, पण मामांचा चहा कोरा, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. मला हसू आवरेना. "मामा, तुम्हाला बासुंदी दिली तरी तुम्ही तिला इखच म्हणाल!"

मग एकदम डोक्यात आलं. "अन् पोरीला काय पाजलं?"

"जुनंच. पुरावं म्हनून जरा पानी जास्त घातलं. न्हाईच पुरलं तर शेळी हायच की."

हसू जागच्या जागी विरलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? एवढंसं लेकरू, ते काय पाण्यावर जगणार?" मी असं ओरडले की समोरचा चहावाला बाहेर येऊन बघू लागला.

तिथल्या तिथं परभणीला फोन लावला, स्पीकरवर. पोरगी खेळते ना, लघवी नीट होते ना, हे डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं. मी नव्या डब्यावरचं वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "आजोबा, पातळ करायचं नाही आणि शेळीचंही द्यायचं नाही. नवा डबा ह्याच वयाचा आहे, गाईच्याच दुधाचा आहे, मग कंपनी बदलली तर चालतं. पाणी उकळलेलं, त्या डब्यावर लिहिलंय तेवढंच. चमचाही त्याच डब्यातला, जुना नाही. उलट्या, जुलाब, पुरळ काही दिसलं किंवा पोरगी पिईना झाली, तर लगेच घेऊन या."

मामांच्या भुवया आक्रसल्या. "आवाज काय, कुनाचाबी असतो. माजी लेक कोन्त्या खाटंवर हाय ते सांगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या. "खिडकीजवळच्या. मी गेले की स्वतःचं काही विचारत नाही ती. बाळ दूध पितंय का, एवढंच विचारते. काय सांगू तिला?"

मामा फोनजवळ वाकले. "पितंय म्हनून सांगा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "द्या नवा डबा. अन् तुमी बी चला संगं."

दुकान चहावाल्यावर सोपवून मी मामांच्या घरी गेले. बाटली उकळली, डब्यावरचं वाचून दूध कालवलं, मनगटावर थेंब टाकून बघितला. पोरगी मामांच्या मांडीवर. पहिल्या घोटाला तिनं तोंड वाकडं केलं आणि मामांच्या कपाळावर घाम फुटला. पुन्हा बाटली लावली, तशी पोरगी चुटुचुटु ओढू लागली. मामा तिच्याकडे बघेचनात. माझ्या तोंडाकडं बघत होते.

"बरं चाललंय का?"

"झकास चाललंय, मामा."

"हिची आजी असती तर मी कशात नाक खुपसलं नसतं," ते म्हणाले. "ती म्हनायची अन् मी मान हलवायचो. ती गेली तवापासून कोन खरं बोलायलंय तेच कळंना झालंय. लय भ्या वाटतंय, बाई."

मी बाटली जरा तिरकी धरली.

बाटली रिकामी झाली. ढेकर देऊन पोरीनं मामांच्या खांद्यावर मान टाकली. मी उठले, दुकानावर गिऱ्हाईक खोळंबलं असणार.

"बसा की जरा," पोरीला न हलवता मामा हळूच म्हणाले. "उठून रडली, तर इचारावं कुनाला?"

मी पुन्हा बसले.