नगरसभेने जुन्या इमारती राखिल्या त्याची हकीकत

श्रीमंत नगराध्यक्षसाहेब व समस्त सभासद, नगरसभा, यांचे सेवेसी. आपण आज्ञा केली की, जुन्या इमारती राखण्याचे कामी नगरसभेने जे झुंज दिले आणि जे यश मिळविले, त्याची सविस्तर हकीकत लिहून ठेवणे, म्हणजे पुढील पिढ्यांस कळेल की आपण खुर्चीत बसून होतो, परंतु स्वस्थ नव्हतो. आज्ञा शिरसावंद्य. सेवक नगरसभेच्या पगारावर आहे, सबब खोटे लिहिणार नाही आणि खरेही बेताने लिहील. तरी हात एकदा सुटला म्हणजे तो धन्याचेही ऐकत नाही, हे आधीच कळवून ठेवितो.

या शहरी बाजाराचा जो मोठा रस्ता, त्याचे दुतर्फा जुन्या इमारती होत्या. उंच छते, लाकडी जिने, खिडक्यांवर दगडी वेलबुट्टी, ऐसा त्यांचा थाट. त्या पाडाव्या ऐसे कुणाचे मनात नव्हते, आणि राखाव्या ऐसेही नव्हते. छत गळू लागले म्हणजे लोक बादली ठेवीत, आणि बादली भरली म्हणजे ओतीत, आणि इतिहास आपला पुढे चाले.

त्यांपैकी एका इमारतीचे तळमजल्यावर चष्मेवाला राज्य करीत होता. पुरुष जिभेचा तिखट, मानेचा ताठ, परंतु कसबी. त्याची खोली रस्त्यापासून आत लांबच लांब गेलेली. दाराशी खुर्ची आणि शेवटल्या भिंतीस अक्षरांची पाटी. गिऱ्हाईकास खुर्चीत बसवावे, एक डोळा झाकावा आणि मागून गर्जावे की, "खालची ओळ वाचा. पाठ म्हणू नका, वाचा!" नजर तपासावयास जे अंतर लागते, ते तमाम बाजारात याच एका खोलीत होते. नव्या दुकानांत खुर्चीवर बसले म्हणजे पाटी नाकास लागे. सबब खासे अध्यक्षसाहेबांपासून थेट हमालापर्यंत, हरएक नाकावर या लांब खोलीचाच अंमल, आणि खोली गेली तर चष्मेवाल्याचा धंदा गेला, हे तोही जाणून होता.

आणि खोली तर त्याची नव्हे. इमारत मेहुण्याची, म्हणजे त्याच्या बायकोच्या थोरल्या भावाची. बाईंच्या वडिलांनी अखेरच्या दुखण्यात मुलास जवळ बसवून सांगितले होते की, खालच्या खोलीतून बहिणीस कधी उठवू नको. आणि मुलाने होय म्हटले होते. आणि त्या एका होयवर, कागदावाचून, संसार चालला होता. वरच्या मजल्यावर राहणारा मेहुणा मनाचा वाईट नव्हे, परंतु भित्रा. दोन वेळा पोटभर जेवण आणि दुपारची डुलकी, यापलीकडे त्याने कोणताही मुलूख जिंकण्याची इच्छा धरिली नव्हती.

ऐसे सुखाचे दिवस चालले असता, कोपऱ्यावरील जुना छापखाना कुणी पाडिला. ते वर्तमान रंगमास्तरांस कळले. हे रंगमास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, थोर गृहस्थ, अंगात सदऱ्याऐवजी तळमळच घातलेली. छापखान्याची माती पाहून त्यांस खरोखर रडू फुटले, आणि मग डोळे पुसून त्यांनी वास्तुरक्षक मंडळ स्थापिले, आणि मंडळ घेऊन नगरसभेवर चालून आले, आणि मागणी केली की, सभेच्या परवानगीवाचून कोणी जुनी इमारत पाडू नये, ऐसा नियम तातडीने व्हावा.

तातडीने म्हणताच सभेने तहकुबीचे शस्त्र उपसले. मग झुंज जुंपले. पहिला मोर्चा, जुनी म्हणजे किती जुनी, यावर लागला. एका सभासदाने विचारिले की, आमचे तीर्थरूप बाजारातल्या निम्म्या इमारतींहून जुने आहेत, त्यांस हा नियम लागू कसा करणार? दुसऱ्याने सांगितले की, आपल्या घराचे पुढचे दार जुने आहे आणि न्हाणीघर नवे, तरी आपण अर्धे भरावे की सगळे, याचा खुलासा व्हावा. काय भरावयाचे ते कुणी काढलेच नव्हते, परंतु सभासदाने खिसा आधी घट्ट धरिला. मग समिती नेमिली, आणि समितीच्या पोटी उपसमिती झाली, आणि उपसमितीने अभ्यासास मुदत मागितली, आणि चहा आला. रंगमास्तर दर बैठकीस मागल्या बाकावर बसून वाट पाहात आणि घरी जाताना भिंतींस हात लावून जात.

अखेर त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी एक मसलत काढिली. नियम होईल तेव्हा होवो, परंतु तोवर चुकून कोणी मोलाची इमारत पाडू नये, सबब राखण्याजोग्या हरएक इमारतीचे दर्शनी भिंतीवर पिवळ्या रंगाचे गोल चिन्ह काढावे, ऐसे मंडळात ठरले. मग खासे मास्तर डबा आणि कुंचला घेऊन मोहिमेस निघाले. वर्तुळे अशी की परकाराने काढिली वाटावी. मोडक्या शिडीवर चढून, जीभ दातांत धरून, सुंदर काढीत.

शिडी चष्मेवाल्याच्या दारास लागली तेव्हा तो धावत बाहेर आला.

"मास्तर, खाली उतरा! आमच्या भिंतीवर काही नको."

"अहो, मान आहे हा! सगळ्या बाजारात तुमच्या खिडक्यांसारखी नक्षी नाही."

"मान तुमच्या घरी न्या. आमचा मेहुणा घाबरट आहे. त्याला साधं वीजबिल आलं तरी घाम फुटतो."

"घाबरायचं काय त्यात? ही खूण म्हणजे संरक्षण!"

"तुमचा नंबर वाढलाय, मास्तर," चष्मेवाला म्हणाला, "उद्या या, तपासून देतो."

परंतु वर्तुळ तोवर पुरे झाले होते, आणि रंग ओला होता, आणि पुसावयास गेले तर आणखी पसरले असते. मास्तरांनी खाली उतरून, मागे सरून, मान वाकडी करून ते पाहिले आणि त्यांचे मन भरून आले.

येथे वाचकाने सावध व्हावे. मास्तरांची नियत साफ होती; परंतु जन्मभर फळ्यावर चित्र काढून मुलांस दाखविण्याची सवय, सबब पलीकडले लोक तेच पाहातील जे आपण काढिले, ऐसा त्यांचा समज होता. मालकांनी वेगळेच पाहिले. ज्यास खूण नाही तो निवांत झोपला. ज्यास खूण आहे तो उठून बसला की, नियम झाला म्हणजे आपले हात बांधले गेले. पुढे विकू म्हटले तर नाही, पाडू म्हटले तर नाही. तरी नियम येण्यापूर्वीच पाडिलेले बरे. मग एकाने ठेकेदाराकडे धाव घेतली, ती पाहून दुसऱ्याने घेतली, आणि ज्यांनी आपल्या इमारतीकडे जन्मात मान वर करून पाहिले नव्हते, ते तिच्या अंतासाठी रांगेत उभे राहिले.

लोखंडी सोंडेचे यंत्र शहरात एकच. त्याचा ठेकेदार हिशेबी मनुष्य, त्याचा दस्तूर असा की, प्रथम मागल्या गल्लीतून शिरून इमारतीचे पोट काढावे आणि दर्शनी भिंत शेवटास ठेवावी. कारण ती पाडावयाची तर रस्ता बंद करावा लागतो, आणि रस्ता बंद करावयाचा तर पोलिसांची परवानगी लागते. गिऱ्हाइकांची गर्दी इतकी उसळली की, पोट काढून तो म्हणे, "भिंतीला नंतर येतो," आणि यंत्र घेऊन पुढल्या इमारतीस भिडे.

मेहुणा लांब खोलीत आला तो खुर्चीवर न बसता दारातच उभा राहिला.

"आवराआवर करा," तो बहिणीस म्हणाला. "उद्या यंत्र येतंय."

"दादा, तुला घर पाडायचंय?"

"नाही गं."

"मग?"

"नंतर पाडता येणार नाही ना!"

सेवकाने पुष्कळ तवारिखा वाचिल्या, परंतु पाडण्याची इच्छा नसता केवळ पुढे पाडता येणार नाही म्हणून आज पाडणारा वीर कोठे आढळला नाही.

"आणि बाबांना काय म्हणाला होतास?" बाईंनी विचारिले.

"बाबांच्या वेळी हे नियमबियम कुठे होते?"

बाईंनी हातातला काच पुसावयाचा फडका खाली ठेविला. म्हणाल्या, "दादा, मला राग नाही आला. मला तुझी लाज वाटली." मेहुण्याने पाटीवरील अक्षरांकडे पाहिले आणि तो निघून गेला.

दुसरे दिवशी सोंड चालली. चष्मेवाल्याने खुर्ची काढिली, पाटी काढिली, भिंगांची पेटी छातीशी धरून काढिली. परंतु दुरुस्तीस आलेले चष्मे मागल्या फळीवर राहिले, आणि माणसे ओरडत असता फळी, भिंत आणि छत एकावर एक बसली. त्या चष्म्यांत खासे अध्यक्षसाहेबांचा चष्मा होता. धुरळा खाली बसला तेव्हा बाई रस्त्यात खुर्चीजवळ उभ्या होत्या, आणि ओळखीचे लोक बाजूने जाताना हळू चालत होते.

इकडे रंगमास्तर वेडे होऊन सभेत शिरले. त्यांनी स्वहस्ते नियमाचा मसुदा लिहिला होता, की खूण असलेल्या इमारतीचा जो भाग उभा असेल, त्यास यापुढे कोणी पाडू नये, ठोकू नये, काही टांगू नये, टेकू देऊन आडोसा करू नये. अध्यक्षसाहेबांनी कागद हाती घेतला. प्रथम जवळ धरिला, मग हात लांब करून धरिला, मग दिव्याखाली नेला. तमाम सभा पाहात होती. दिसत नाही ऐसे म्हणणे पदास शोभेना. सबब साहेबांनी कागद मेजावर ठेवून जाहीर केले की, मजकूर अत्यंत स्पष्ट आहे. कुणी वाचून दाखवा म्हणाले नाही. आणि ज्या सभासदांनी इतके दिवस नियमाविरुद्ध तोफा डागिल्या होत्या, त्यांनीही दोन्ही हात वर केले, कारण त्यांच्या इमारतींचे पोट निघून चुकले होते आणि आता शेजाऱ्यांचे हात बांधलेले त्यांस चालणार होते. नियम एकमताने मंजूर जाहला.

मग उपसमिती पाहणीस निघाली, रस्त्याच्या मधोमध चालली, आणि तिने अहवाल दिला की, खूण केलेली एकूण एक दर्शनी भिंत सुखरूप आहे, एकही चिन्ह पुसले गेले नाही. हे अक्षरशः खरे होते. खिडक्यांतून पलीकडले आकाश दिसत होते, परंतु आकाशाविषयी नियमात काही नव्हते. रंगमास्तर एकेका भिंतीपुढे उभे राहिले. पहिल्या भिंतीपाशी त्यांचा चेहरा पडला. पुढे पुढे ते म्हणू लागले, "नक्षी तर वाचली. नक्षी वाचली हे काय थोडं झालं?" आणि बाजार संपेतो त्यांची खात्री पटली, आणि ते घरून रंगाचा डबा घेऊन आले, कारण दोन ठिकाणी पिवळा फिका पडला होता.

चष्मेवाला हार मानणारा गडी नव्हता. त्याने बायकोस म्हटले, "खोली गेली, पण अंतर कुठे गेलंय?" मग दोघांनी मोकळ्या जागेतले दगड बाजूस सारिले, आणि मागल्या टोकास खुर्ची मांडिली, आणि वर ताडपत्री ताणिली, आणि उभ्या राहिलेल्या भिंतीच्या आतल्या अंगास खिळा ठोकून अक्षरांची पाटी टांगिली. पहिले गिऱ्हाईक बसले, एक डोळा झाकिला, आणि वरची ओळ वाचून व्हावी तोच नगरसभेचा निरीक्षक दाखल जाहला. त्याने खिळा पाहिला. नियमाखाली शहरात घडलेला हा पहिला गुन्हा. खिळा पकडीने उपटून लिफाफ्यात घातला, पाटी जप्त केली, ताडपत्रीस आडोसा ठरविले, आणि ज्याने त्या भिंतीआड सारा जन्म काढिला, तो पुरातन वास्तूचा शत्रू म्हणून दफ्तरी नोंदविला.

"अहो, ज्यांनी पाडलं त्यांना सोडून मला धरता?" चष्मेवाला ओरडला.

निरीक्षक नम्रपणे म्हणाला, "त्यांनी नियमाच्या आधी पाडलं, काका. तुम्ही नंतर ठोकलंत."

मेहुण्याचेही काही साधले नाही. भिंत हलविता येईना, तिला धरून नवे बांधता येईना. तो परक्या ठिकाणी भाड्याने राहू लागला आणि तेथे त्यास दुपारी झोप लागेना. एके दिवशी तो मोकळ्या जागेत आला. बहीण ताडपत्रीची घडी घालीत होती. तो म्हणाला, "एक टोक धरू का?" बाईंनी एकटीने घडी घातली आणि ती काखेत मारून त्याच्या बाजूने निघून गेल्या. तेव्हापासून त्या भावंडांत बोलणे नाही.

मग विजयोत्सव ठरला. भिंतीसमोर मंडप पडला, सभासद ओळीने बसले, अध्यक्षसाहेबांनी उपाध्यक्षांचा चष्मा लावून भाषण वाचिले आणि त्यात पुष्कळ ठिकाणी नसलेली वाक्ये वाचिली. रंगमास्तरांचा गौरव जाहला. मग कुणास सुचले की, या घराची लेक येथेच उभी आहे, तिने दोन शब्द बोलावे. चष्मेवाला नको नको म्हणत असता बाई पुढे झाल्या. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला, भिंतीकडे पाहिले, भावाकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "भिंत तेवढी राहिली."

त्याबरोबर तमाम सभा उठून उभी राहिली आणि टाळ्यांचा ऐसा गजर जाहला की मंडपाच्या कनाती हालल्या. बाई बोलत होत्या. ओठ हालताना सेवकाने स्वतः पाहिले, आणि चष्मेवाला खाली मान घालून डोळे पुसत होता, तेही पाहिले. अध्यक्षसाहेबांनी हात उंचावून टाळ्या आणखी वाढविल्या, आणि त्या थांबेतो बाई खाली उतरून गेल्या होत्या.

येणेप्रमाणे नगरसभेची फत्ते जाहली, एकही खूण शत्रूहाती पडली नाही, आणि ही हकीकत आज्ञेवरून दफ्तरी दाखल केली. बाईंचे पुढील भाषण टाळ्यांमुळे ऐकू आले नाही, सबब येथे लिहिलेले नाही.