किल्ल्यात सासूबाईंना मज्जाव

निःपक्षपातीपणा कुणाला शिकायचा असेल, तर त्याने खुशाल माझ्याकडे यावं. मी एका ऑनलाइन राज्याचा मॉडरेटर आहे. राज्य काल्पनिक आहे, पण त्यातली भांडणं अस्सल असतात. शेकडो माणसं दिवसभर आपापल्या ऑफिसात मुकाट्याने बोलणी खातात आणि संध्याकाळी घरी आली की राक्षस, यक्षिणी, बुटके नाहीतर राजकन्या होऊन एकमेकांशी लेखी बोलतात. कुणी कुणाचा जादूचा दंड ढापला, कोणत्या बुटक्याने परवानगी न घेता ड्रॅगन मारला, याचे निवाडे मी करतो. माझा निवाडा आजवर कुणी फिरवलेला नाही. अपीलही माझ्याकडेच येतं, हे त्याचं एक किरकोळ कारण आहे.

आमचा पहिला नियम माझ्याच डोक्यातून निघालेला. किल्ला नावाच्या पानावर फक्त पात्रं बोलतील, माणसं नाही. गुडघेदुखी, गेलेली वीज, खेकसणारा साहेब, असल्या घरगुती विषयांसाठी ओसरी नावाचं वेगळं पान आहे. किल्ल्यात जे बोललं जातं ते पात्राचं, त्याचा राग माणसाने धरायचा नाही. आणि कुणी किल्ल्यात येऊन घरचं गाऱ्हाणं मांडलंच, तर द्वारपाल वज्रमूठ, म्हणजे अस्मादिक, त्याला आधी किल्ल्याच्या भाषेत झापतात आणि मग आठवडाभर हाकलून देतात.

या राज्यात सासूबाईंना आणायची कल्पना माझ्या बायकोची. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. घरी एकट्या. त्यांचा वेळ जाईल, असं तिला वाटलं. पात्र निवडताना सासूबाईंनी राजकन्या नाकारली, यक्षिणी नाकारली, कारण त्यांचे कपडे त्यांना पसंत पडले नाहीत. शेवटी त्या दलदलीतली चेटकीण झाल्या. अंगभर काळा झगा आणि हातात काठी. पंधरवड्यात निम्मे राक्षस त्यांना विचारल्याशिवाय लढाईला जाईनासे झाले. एका बुटक्याला तर त्यांनी अर्धवट सोडलेल्या परीक्षेला पुन्हा बसायला लावलं.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. आमचा मुलगा दहा महिन्यांचा. बायकोला एका प्रयोगशाळेत हवी तशी नोकरी मिळाली होती आणि येत्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. रुजू झाली नाही तर जागा दुसऱ्या बाईला जाणार, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. पाळणाघरात जागा नव्हती. माझी रजा शिल्लक नव्हती, कारण ती मी राज्याच्या वर्धापनदिनाला खर्च केली होती. बाळाला सांभाळायला सासूबाई येणार, यावर सगळी मदार होती.

बुधवारी संध्याकाळी किल्ल्यात भरदरबार चालला होता. शंभरेक मंडळी हजर. यक्षिणीच्या हारावरून युद्ध पेटायच्या बेतात. आणि मध्येच चेटकिणीने लिहिलं, "तुम्ही दोघं फोन उचलत नाही. तुम्ही मात्र इथे हमखास सापडता, म्हणून इथे लिहिते. मी रविवारी दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर या. बाळासाठी मऊ दुपटी धुऊन ठेवा."

दुपटी! तेही ऐन युद्धात!

मला सगळं कळत होतं, हे इथे कबूल करतो. पण शंभर जणांचे डोळे द्वारपालाकडे लागलेले. इतरांना हाकलतो आणि चेटकिणीला सोडतो, असं उद्या कुणी म्हटलं तर? मी बाह्या सरसावल्या आणि लिहिलं, "हे दलदलीच्या अवदसे! तुझी सावलीही मी त्या बाळावर पडू देणार नाही. रविवारी आलीस तर हा दरवाजा तुझ्या तोंडावर आपटीन. जा, आपल्या चिखलात लोळ!"

किल्ला दणाणून गेला. राक्षसांनी ढोल बडवले. बुटक्यांनी माझा जयजयकार केला. मी नियमाप्रमाणे चेटकिणीला आठवडाभर हाकललं आणि निःपक्षपातीपणाच्या समाधानात जेवायला गेलो.

जेवण संपायच्या आत बायकोचा फोन वाजला. ती बाल्कनीत गेली, परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तू आईला अवदसा म्हणालास?"

"मी नाही. द्वारपाल म्हणाला."

"आणि दार तोंडावर आपटणार आहेस?"

"किल्ल्याचं गं. आपलं नाही."

"आई येत नाहीये," ती म्हणाली. "सोमवारी मी बाळाला पाठीला बांधून प्रयोगशाळेत जाऊ, की तुझा एखादा ड्रॅगन सांभाळेल त्याला?"

मला खरंच वाईट वाटलं. त्या नोकरीसाठी तिने बाळाला मांडीवर घेऊन मुलाखतीची तयारी केली होती. मी लगेच सासूबाईंना फोन लावला. चौथ्या खेपेला त्यांनी उचलला.

"आई, तो खेळ होता हो."

"असेल. पण अपमान शंभर जणांसमोर झाला. माफीही शंभर जणांसमोर हवी."

हे मान्य करायला काहीच हरकत नव्हती. अडचण एवढीच, की हाकललेल्या माणसाला किल्ला वाचताही येत नाही. सासूबाईंना आधी परत घ्यायला हवं होतं, आणि नातेवाइकांच्या बाबतीत मॉडरेटरने स्वतः निर्णय द्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो दुसऱ्या मॉडरेटरने द्यायचा. हा दुसरा मॉडरेटर राज्यात नरभक्षक राक्षस आहे आणि पोटापाण्यासाठी दातांचा डॉक्टर. मी त्याला दवाखान्यात फोन केला.

"हा नियम कुणी केला होता?" त्याने विचारलं. मागून यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"मी."

"मग सासूबाईंना हाकलताना तू तो पाळला नाहीस?"

"तेव्हा मी नातं बघितलंच नाही. निःपक्षपातीपणे वागलो."

"छान. मग आता परत घेताना नातं का बघतोयस? हं, जरा मोठा आ करा."

शेवटचं वाक्य पेशंटला होतं, पण मीही आ केला. बऱ्याच विनवण्यांनंतर तो तयार झाला. एका अटीवर. शनिवारी संध्याकाळी खुला दरबार भरेल, चेटकीण हजर राहील आणि मी सगळ्यांसमोर बोलेन.

शनिवारी किल्ल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बायको बाळाला घेऊन माझ्या खुर्चीमागे उभी. मी द्वारपालाची भाषा बाजूला ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा माझाच नियम मोडून, साध्या माणसासारखं किल्ल्यात लिहिलं. "मी द्वारपाल नाही. मी एका दहा महिन्यांच्या मुलाचा बाप आहे. या बाई माझ्या सासूबाई आहेत. माझ्या बायकोला सोमवारी कामावर जायचंय, आणि यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही. लोकांसमोर मोठेपणा मिरवायला मी त्यांना वाटेल ते बोललो. आई, माझं चुकलं. घरी या." लिहिता लिहिता माझे डोळे भरून आले. बायकोने खांद्यावर हात ठेवला.

टाळ्यांचा पाऊस पडला. "वा, काय भूमिका वठवली!" यक्षिणीने लिहिलं. "द्वारपालाला सासू आहे, हे कथानकात कधी ठरलं?" एका बुटक्याने विचारलं. "बायको कोण? पुढच्या भागात दाखवा," दुसरा म्हणाला. मी परोपरीने सांगत होतो की हे खरं आहे, तो मी स्वतः आहे, ही माझी स्वतःची बायको आहे. जितकं सांगावं तितक्या टाळ्या वाढत गेल्या. राक्षसाने मला वर्षातला उत्तम अभिनेता म्हणून जाहीर केलं.

सासूबाईंचा फोन आला.

"वाचलं मी. लिहिलंत चांगलं. पण किल्ल्यात बोललेलं पात्राचं असतं ना? म्हणजे ही माफी द्वारपालाची झाली. तुमची कुठे आहे?"

फोन बंद झाला. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि बाळाला घेऊन आत गेली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी पहिल्या गाडीने मी सासूबाईंचं गाव गाठलं. वाटेत तोंडाने माफीचा सराव केला, त्यामुळे शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे जाऊन बसला. बेल वाजवली. दार उघडलं. सासूबाई समोर. मी तिथल्या तिथे वाकून पाय धरले.

"आई, माझं चुकलं. मी म्हणजे मी. जावई."

"ते कळतंय. उठा."

उठलो, तर दाराआड भरलेली बॅग उभी होती. वर दुपट्यांची पिशवी. पायांत चपला घालून सासूबाई तयार.

"तुम्ही येणार होतात?" मी विचारलं.

"म्हणजे काय? तिची नोकरी आहे. तुमच्या तोंडाकडे बघून मी ती जाऊ देईन होय?"

"मग हे सगळं?"

"पोरं चुकली की मी त्यांना आधी विचार करायला वेळ देत असे. तुम्हाला चार दिवस लागले. बॅग उचला."

उचलली. परतीच्या गाडीत सासूबाई खिडकीशी बसल्या. बराच वेळ बाहेर बघत होत्या. मला वाटलं, सगळं मिटलं. मी हळूच फोन काढला. किल्ल्यात माझ्याविना युद्ध पेटलं होतं. दोन बुटक्यांना दम दिला, एका यक्षिणीची समजूत घातली. सासूबाई माझ्या बोटांकडे लक्ष देऊन बघत होत्या.

"रोज एवढं करता?"

"रोज," मी अभिमानाने म्हणालो. "सुट्टीच्या दिवशी तर जास्तच."

"आणि पगार किती देतात?"

"पगार नाही. मानाचं पद आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. मग पर्समधून फोन काढून माझ्यासमोरच मुलीला लावला. "हे बघ," त्या तिला म्हणाल्या, "उद्या वेळेवर जा. आणि काही झालं तरी ही नोकरी सोडू नकोस."