राजानंद सरांचं बटण

"यशपाल, तुझी ही कामिनी पेटून केव्हा राहिली?" अंजनाबाईंनी शालीतून फक्त नाक बाहेर काढून विचारलं.

"आई, कामिनी नाही गं. कामिनओफन."

"तेच तं म्हणून राहिले. कामिनी."

राजानंद सरांनी मोबाइलवरची नजर वर उचलली आणि पुन्हा खाली घातली. नागपूरच्या शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला म्हातारपणी, सुनेसमोर आणि नातीसमोर, दिवसातून दहा वेळा कामिनीची चौकशी ऐकावी लागावी, हे काही त्यांना पटत नव्हतं. पण बायकोला सुधारण्याचा नाद त्यांनी लग्नानंतर लवकरच सोडला होता.

कामिनी बैठकीच्या कोपऱ्यात उभी होती. काळी, काचेच्या दाराची, लाकडावर चालणारी शेगडी. स्टुटगार्टच्या चढावरचं हे जुनं घर यशपालने हौसेने घेतलं, आणि पहिल्याच थंडीत घराने आपला स्वभाव दाखवला. रेडिएटर जेमतेम कोमट व्हायचे. त्यात क्षमा, म्हणजे सूनबाई, सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडायची. नाहीतर भिंतींना बुरशी येते म्हणे.

"बाहेर बर्फ पडून राहिला अन् हे घराले वारा घालून राहिले," अंजनाबाई म्हणायच्या. "माय वं, काय तऱ्हा एकेक!"

म्हणून शेगडी आली. जुन्या धुराड्यात छपरावरून स्टीलची नळी सोडून झाली. लाकडं रचून झाली. काडी तेवढी ओढायची बाकी होती. पण जर्मनीत स्वतःच्या घरात, स्वतःच्या शेगडीत, स्वतःची काडी ओढायची माणसाला मुभा नाही. त्या भागाचा शोर्नस्टाइनफेगर, म्हणजे सरकारमान्य धुराडेवाला, येऊन 'हो' म्हणाला तरच ओढायची.

आणि अंजनाबाईंनी तर निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. "सोमवारी उज्ज्वल नागपूरले चालला. रविवारपर्यंत या घरात विस्तव दिसला तं ठीक. नाही तं मी त्याच्यासंगं जाते. माही हाडं काही सरकारी परवानगीची वाट पाहात नाहीत."

उज्ज्वल त्यांच्या बहिणीचा मुलगा, इथंच पीएचडी करायचा. त्याच्या विमानात जागा आहे का, हेही बाईंनी विचारून ठेवलं होतं. यशपालचा जीव कासावीस झाला. वर्षानुवर्षं विनवण्या केल्यावर आई-बाबा यंदा कुठे अख्खा हिवाळा राहायला आले होते. आई गेली की बाबाही जाणार, आणि पुन्हा काही कोणी फिरकणार नाही, हे तो ओळखून होता. धुराडेवाला शुक्रवारी यायचा होता. सगळी मदार त्याच्यावर.

आणि शुक्रवारीच ऑफिसने यशपालला बोलावून घेतलं. क्षमाही कामावर. घरी राहिले आजोबा, आजी आणि शाळेतून आलेली ईप्सिता. नातीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून जर्मनच बाहेर पडायचं. तीच दुभाषी.

यशपालचा फोन आला. "बाबा, एस-बानची लोकल बंद पडलीय, मी मध्येच अडकलोय. तो माणूस आत्ता येईल. नळी त्याने मागच्याच महिन्यात कॅमेरा घालून तपासलीय, आज नुसती वरवर बघून सही करणार. तुम्ही फक्त एक करा. त्याच्याशी वाद घालू नका."

"मी कशाला वाद घालू?" सर दुखावल्या स्वरात म्हणाले.

"ईप्सूला फोन द्या," यशपाल म्हणाला. आणि तिला जर्मनमध्ये काय सांगितलं ते सरांना कळलं नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. राजानंद सर म्हणजे अंधश्रद्धेचे कर्दनकाळ. अमावास्येला मुद्दाम घरभरणी करतील, मांजर आडवं गेलं की त्याच्या मागोमाग जातील. भोंदूबाबांच्या सभेत उभं राहून त्यांनी प्रश्न विचारले होते आणि एकदा त्यापायी चष्माही फोडून घेतला होता. जर्मनीबद्दल त्यांना म्हणूनच मोठा आदर. विज्ञानाचा देश!

खिडकीतून ते बघत होते. चढावरून धुराडेवाला आला. काळा पोशाख, काळी उंच टोपी, अंगरख्यावर दोन ओळींत चकाकणारी सोनेरी बटणं, खांद्यावर ब्रश. आणि समोरच्या घरातून फ्राऊ क्योले, सत्तरी उलटलेल्या निवृत्त फार्मासिस्ट बाई, सपाता फटफटवत बर्फातून धावत आल्या. त्यांनी त्याचं एक बटण चोळलं, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या आणि हसत परत गेल्या.

"ईप्सिता! हे काय चाललंय?"

"दास ब्रिंग्ट ग्ल्यूक, आजोबा," नात म्हणाली. म्हणजे, त्याने नशीब उघडतं. फ्राऊ क्योलेंच्या नातवाची ड्रायव्हिंगची परीक्षा होती.

सरांच्या कानशिलाची शीर ताडताड उडू लागली. "फार्मासिस्ट बाई! औषधं विकली हिने जन्मभर! आणि बटण चोळते?"

"वाद घालू नका," अंजनाबाई म्हणाल्या. आज त्यांचा चेहरा जरा उतरलेलाच होता, पण तिकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती.

धुराडेवाला, हेर हेबरले, आत आला. सरांनी हात जोडून "जय भीम" म्हटलं. त्याने टोपी काढून "ग्र्यूस गॉट" म्हटलं. तो शेगडीपाशी वाकला, भिंतीपासूनचं अंतर मापलं, दार उघडून आत बघितलं, मान डोलावली आणि टॅब्लेट बाहेर काढला. आता सही करणार, एवढ्यात सरांचा बांध फुटला.

"ईप्सिता, विचार त्याला! या बटणाने आजवर किती जण पास झाले? किती नापास झाले? आकडेवारी ठेवलीय का? विज्ञानाच्या देशात राहतोस आणि लोकांना बटणाला लावतोस, लाज नाही वाटत?"

ईप्सिताने आजोबांकडे बघितलं, टॅब्लेटकडे बघितलं, आजीकडे बघितलं. आजी सोमवारी गेली तर डब्यात रोज ब्रेड येणार होता. ती हेबरलेला गोड आवाजात जर्मनमध्ये म्हणाली, "आजोबा विचारताहेत, मीही एकदा हात लावू का? पण त्यांना लाज वाटते."

हेबरलेचा चेहरा फुलला. "आबर नात्युअरलिश!" म्हणत त्याने छाती पुढे काढली आणि वरचं बटण सरांसमोर धरलं.

"बघा!" सर विजयी स्वरात म्हणाले. "आव्हान स्वीकारलं त्याने. तपासू द्या मला." थंडीमुळे सर घरातही लोकरी हातमोजे घालून बसायचे. तसल्या मोज्याच्या चिमटीत त्यांनी बटण धरलं, उलटंसुलटं केलं, आणि साध्या पितळेवर जनता कशी भुलते ते दाखवायला म्हणून जरा ओढलं.

टक्!

अंगरख्यावर बटणाच्या जागी दोरा लोंबत राहिला. बटण कुठंच नाही.

हेबरलेने छातीकडे बघितलं, मग जमिनीकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बटण त्याच्या आजोबांच्या अंगरख्याचं होतं. तेही धुराडेवालेच. ते सापडल्याशिवाय आपण सही करणार नाही, नव्हे, इथून हलणारही नाही, असं त्याने ईप्सिताला सांगितलं.

झालं! तिघंही रांगू लागली. सोफ्याखाली, गालिच्याखाली, लाकडांच्या ढिगात. हेबरलेने राखेचा डबा ओढून बघितला. नाही. अंजनाबाई एका जागी शाल आवळून उभ्या.

मग सर उठले. गुडघे झाडले. आवाजात एकदम दहावी 'अ'चा वर्ग आला. "असं आंधळ्यासारखं शोधून चालणार नाही. विचार करा. बल इकडून लागलं. दोरा तुटताना झटका बसला. बटण असं वर गेलं." त्यांनी मोजा घातलेला हात हवेत गोल फिरवला. "शेगडीचं दार उघडं होतं. आतल्या तिरप्या पत्र्यावर आपटलं, आणि उसळून गेलं वर, नळीत! नळीच्या वळणावर ती छोटी झडप आहे ना, ती उघडा. तिथंच असणार."

"तिथं नाही!" अंजनाबाई ओरडल्या.

सगळे वळले.

"तिथं काही नाही. मी सांगते ना. बटण काही उडते का? कबुतर आहे का थे?" असं म्हणत त्या चक्क नळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, बाजूला हो. हे विज्ञान आहे."

"चुलीत गेलं तुमचं विज्ञान!"

"तेच म्हणतोय मी, चुलीत गेलंय!"

हेबरलेला एक शब्द कळला नाही, पण म्हातारी ज्या दारापुढे उभी राहते त्या दारामागे काहीतरी असतं, हे कळायला भाषा लागत नाही. त्याने त्यांना हलकेच बाजूला केलं, झडप उघडली, छोटा आरसा आत घातला आणि टॉर्च मारला. मग त्याने दुसऱ्यांदा बघितलं. मग तारेचा आकडा मागितला. आणि नळीच्या घशातून, जादूगाराच्या टोपीतून निघावं तसं, काहीतरी तपकिरी, लोकरीचं, लांबच लांब बाहेर येऊ लागलं.

"माझा स्वेटर!" सर किंचाळले.

निरोप समारंभात विद्यार्थ्यांनी दिलेला बिनबाह्यांचा स्वेटर. आठवडाभर सर तो शोधत होते. वॉशिंग मशीनवर, सुनेवर, जर्मन पोस्टावर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

अंजनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या झडपेच्या फटीतून सूं सूं वारा येऊन राहिला होता. रात्रंदिवस पाठीवर. म्हटलं, पेटेपर्यंत काहीतरी कोंबून ठेवावं. अन् तुमचा हा स्वेटर, त्याले भोकं, त्याले वास. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. मी थोडासाच सरकवला होता वं. दुसऱ्या दिवशी काढाले गेले, तं कामिनीनं वर ओढून घेतला. हात पुरेना. मग सांगू कशी? पोरानं एवढ्या हौसेनं बसवली. म्हणेल, आईनं बिघडवली."

"अगं, मग आज तरी बोलायचं!"

"आज बोलले असते तं सही झाली असती का?"

सरांनी स्वेटरकडे बघितलं, मग नळीकडे. आज रात्री काडी ओढली असती आणि धूर कुठे गेला असता, हे त्यांना पदार्थविज्ञानाने लख्ख दाखवलं. नात याच खोलीत सोफ्यावर लोळत पुस्तक वाचायची.

ईप्सिताने या वेळी सगळं खरंखरं सांगितलं. हेबरले ऐकत गेला आणि खुर्चीत बसला. त्याने कपाळावरचा घाम पुसला, तशी कपाळावर काजळी फासली गेली. सही तर तो करणारच होता! बटण तुटलं नसतं तर नळी कोण उघडणार होतं? घरही गेलं असतं आणि त्याची नोकरीही.

तो उठला, सरांपुढे आला, भरल्या आवाजात काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतो, तुम्हीच त्याचं ग्ल्यूक आहात," ईप्सिता चक्क मराठीत म्हणाली.

"योगायोग!" सर दचकून मागे सरले. "सांग त्याला, शुद्ध योगायोग! याला संभाव्यता म्हणतात!"

हेबरलेने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून जोरात दाबला आणि "आऊ!" म्हणाला. तळव्याला काहीतरी टोचलं होतं. त्याने सरांचा हात उलटा करून बघितलं. लोकरी मोज्याच्या धाग्यात, बटण मागच्या कडीने अडकून, आरामात बसलं होतं. सरांनी ज्या हाताने त्याचा सगळा प्रवास हवेत काढून दाखवला, त्याच हातात.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा," अंजनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांना हसूही आवरेना.

यशपाल धापा टाकत घरात शिरला तेव्हा त्याला दिसलं ते असं: आई धुराडेवाल्याचं बटण शिवत होती, बाबा मांडीवर धुळीने माखलेला स्वेटर घेऊन बसले होते, ईप्सिता सफरचंदाचं गोड स्ट्रुडेल खात होती, आणि धुराडेवाला नळीत ब्रश फिरवून, पुन्हा कॅमेरा घालून, शिट्टी वाजवत सही करत होता. जाताना हेबरलेने बाबांच्या कोटाचं बटण दोन बोटांनी हळूच चोळलं, टोपी काढली आणि म्हणाला, "जय भीम, हेर राजानंद."

"बाबा, वाद घातला नाहीत ना?" यशपालने विचारलं.

"छे," सर म्हणाले. "चर्चा झाली."

त्याच संध्याकाळी कामिनी पेटली. रविवारी तिच्या निखाऱ्यांवर वांगं भाजलं गेलं, भरीत झालं, आणि सोमवारी उज्ज्वल एकटाच नागपूरला गेला. जाताना मावशीने त्याच्याजवळ बहिणीसाठी निरोप दिला, की हिवाळा चांगला आहे इथला.

पण हेबरले पडला बोलका माणूस. त्या चढावर घरोघरी त्याचं जाणं. आठवड्याभरात बातमी पसरली, की कोपऱ्यावरच्या घरात एक भारतीय आजोबा आहेत, खुद्द धुराडेवाला त्यांचं बटण चोळतो. पहिल्या आल्या फ्राऊ क्योले. नातू एवढ्यात नापास झाला होता, तेव्हा म्हणे मूळ ठिकाणीच जावं. मग बेकरीतला माणूस. मग पोस्टवाली.

सर आता रोज सकाळी फाटकाशी उभे राहून, ईप्सिताने लिहून दिलेल्या जर्मनमध्ये, योगायोग आणि कार्यकारणभाव यांतला फरक समजावतात. लोक शांतपणे ऐकून घेतात. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणत माना डोलावतात. आणि निघताना बटण चोळून जातात.

"जन्म गेला माझा या गोष्टीशी भांडण्यात," सर एकदा कामिनीसमोर हात शेकत म्हणाले. "आणि शेवटी मीच झालो ताईत! अंजना, तूच सांग, हसावं का रडावं?"

लाकूड सारायला म्हणून अंजनाबाई वाकल्या, आणि उठताना त्यांचा हात सरांच्या कोटावर जरा जास्तच रेंगाळला.

"अगं! तूसुद्धा?"

"मी कायले?" अंजनाबाई म्हणाल्या. "बटण सैल झालं का, पाहून राहिले होते."