ओव्हनला बाबांची परवानगी

नवं स्वयंपाकघर सगळं सूनबाईच्या मनासारखं झालं होतं, फक्त एका बटणावरून अडलं होतं.

"वहिनी, ओव्हनला आणि विजेच्या शेगडीला मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर टाकलीय. आता मोठं बटण लागणारच," वायरमन म्हणाला.

"लावा की! पण माझ्या टाइल्सवर दिसायला नको."

वायरमनने तिच्या नवऱ्याला फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते. त्यांनी अर्धवट ऐकून "हो हो, तसंच करा" म्हटलं आणि फोन ठेवला. संसारातले बरेचसे निर्णय ते असेच घेत.

काम आटोपलं आणि लेकीकडे राहायला गेलेल्या सासूबाई परत आल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी, घरात सामसूम असताना, रिकाम्या स्वयंपाकघरात शेगडी 'टीं' करून वाजली. ओव्हनच्या काळ्या काचेत हिरवी शून्यं उघडझाप करू लागली. सूनबाई दारातच थिजली. सासूबाई हातातलं फडकं न ठेवताच आपल्या खोलीतून आल्या.

"यांच्या चहाची वेळ," त्या हळूच म्हणाल्या.

सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि जुना ओटा त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. त्यानंतर रोज दुपारी तेच. शून्यं कधी पाहता पाहता विझायची, कधी पुन्हा उमटायची. जवळपास कुणीही नसायचं.

"त्यांचा ओटा फोडलात, ते रागावलेत," सासूबाईंनी जाहीर केलं. "हे सगळं काढा, नाहीतर मी लेकीकडे जाते ती कायमची."

"काढून टाकू या का?" नवरा पुटपुटला. लग्न झाल्यापासून जिने या स्वयंपाकघराची वाट पाहिली, तिला रडूच फुटलं. डोळे पुसून तिने वायरमनला फोन केला आणि मोठं बटण कुठे लावलंय ते विचारलं.

"बटण ना? मागच्या भिंतीवर आहे, आजींच्या खोलीत," तो म्हणाला. "खिळा होताच, म्हणून बटणावर बाबांचा फोटो टांगून दिला. दिसतंय का?"

"नाही."

"मग!"

ती दबक्या पावलांनी सासूबाईंच्या खोलीशी गेली. सासूबाई फोटो पुसत होत्या. फडकं वरच्या कडेवर दाबलं, खट्. खालच्या कडेवर दाबलं, पुन्हा खट्, आणि भिंतीपलीकडून टीं! म्हाताऱ्या कानांना खट् काही ऐकू आलं नसावं.

सांगून टाकायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर सासूबाई खजील होणार, आणि एकवेळ रागावलेले बाबा परवडले, पण खजील झालेल्या सासूबाई नाही.

"आई, बाबांनाच विचारा ना, केक भाजू का म्हणून."

सासूबाईंनी फोटोकडे बघून विचारलं. डोळे भरून आले, काच धूसर झाली असं वाटून त्यांनी ती वरपासून खालपर्यंत पुसली. टीं!

"हो म्हणाले गं!"

स्वयंपाकघर वाचलं. मग काहीही भाजायचं तर आधी बाबांना विचारायचं, असं सुरू झालं. सूनबाई मनातल्या मनात हसायची.

एकदा मैत्रिणी येणार म्हणून तिने घाईत न विचारताच केक ठेवला. केक अर्धा फुगला आणि ओव्हन गप्प झाला. ती धावत खोलीत गेली. सासूबाई फोटोपाशी उभ्या होत्या. हातात फडकं नव्हतं. एकच बोट फोटोच्या वरच्या कडेवर टेकलेलं होतं.

"आज विचारलं नाहीस," त्या शांतपणे म्हणाल्या. "रागावलेत."

फोटोतून बाबा तिच्याकडेच बघत होते.

"आता... काय म्हणतायत?"

"पुढच्या वेळी साखर बेताची घाल म्हणतात. आणि पहिला तुकडा मला."

बटणाचं तर तिला, निदान सासूबाईंपुढे, काही ठाऊकच नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

सासूबाईंचं बोट सावकाश खालच्या कडेवर आलं. टीं!