नागनाथमामांच्या इंजिनाची थरथर

नागनाथमामा मोटरसायकलची थरथर पिठाने मोजतात. गाडी स्टँडवर लावायची, इंजिन चालू ठेवायचं, सीटवर परात, परातीवर चाळणी आणि चाळणीत मूठभर पीठ. मग शंभरपर्यंत मोजायचं आणि परातीत पडलेलं पीठ चहाच्या चमच्याने मापायचं. पीठ कमी पडलं तर थरथर कमी झाली.

पीठ अर्थातच माझं. मानवतला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच माझी गिरणी आहे. संध्याकाळपर्यंत उभं राहून पिंडऱ्यांचे दगड झालेले असतात आणि नेमके तेव्हाच मामा येतात.

"ताई, गव्हाचं द्या. ज्वारीचं जाड पडायलंय, अंदाज चुकायलाय."

"मामा, मी लोकांची दळणं करू का तुमची गाडी जोखू?"

"दोनीबी करा. आन् तुमची गिरणबी लय थरथरायलीय. तिची तक्रार काय हाय ते बघा."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडी थरथरते म्हणजे ती तक्रार करते, आणि तक्रार ऐकून घ्यायची असते.

मामा चाळण्या बनवतात आणि ताडकळसपासून देवगाव फाट्यापर्यंत बाजारोबाजार विकतात. गाडी जुनी, एका सिलिंडरची. इंजिन थेट चेसीला बोल्टने आवळलेलं, मधे रबराचा तुकडासुद्धा नाही. इंजिनाचा प्रत्येक ठोका हँडलमधून मामांच्या हातात. गेल्या वर्षी त्यांची बोटं बधिर व्हायला लागली. जाळी ताणताना तार बोटात घुसली, रक्त आलं, मामांना पत्ताच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी सोडा, नाहीतर बोटं जातील. बोटं गेली तर जाळी कोण ताणणार? आणि गाडी सोडली तर चाळण्यांची ती भलीमोठी माळ घेऊन रोज एसटीत कोण चढू देणार?

"सोडा म्हणं!" मामा चिडले. "तक्रार केली म्हणून घरचं माणूस हाकलून देतेत का?"

आणि मग वर्षभर आम्हा सगळ्यांची दमछाक झाली. आधी त्यांनी मामींची चप्पल कापून इंजिनाखाली घातली. रबर इतकं मऊ निघालं की इंजिन पाळण्यासारखं झुलू लागलं, फाट्यावर चेन उतरली आणि मामा चाळण्यांसकट टेंपोतून घरी आले. मग हँडलच्या नळीत वाळू भरली. वाटेत बूच उडालं आणि वाळू बाहीत गेली. बाजारात मामा दिवसभर अंग झाडत बसले.

शेवटी माझ्या गिरणीचा जुना पट्टा नेला. तो फार मऊ नाही, फार कडक नाही. त्याच्या चकत्या कापून इंजिन आणि चेसीच्या मधे बसवल्या. बोल्टची भोकं झिजून लांबट झाली होती, ती वेल्डिंगवाल्याकडून भरून नव्याने पाडून घेतली. चेसीला चीर गेली होती तिथे पत्र्याचे दोन तिकोनी तुकडे जोडले. आणि इंजिनाच्या डोक्यापासून चेसीच्या वरच्या पाइपापर्यंत एक लोखंडी पट्टी नटाने आवळली. शंभर मोजून झाले तरी परातीत अर्धा चमचाही पीठ नव्हतं.

दोन महिन्यांनी मामांनी माझ्या सुपातल्या गव्हातला खडा डोळे मिटून बोटांनी वेचून दाखवला. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

त्यानंतर आठवडाभरातच मामांनी नवीन प्रकार सुरू केला. संध्याकाळी माझ्या गिरणीसमोर थांबायचं, पिशवी उपसून पाना काढायचा, त्या लोखंडी पट्टीचा नट ढिला करायचा आणि घरापर्यंतची शेवटची तीस पावलं गाडी खडखडत न्यायची. सकाळी त्याच जागी थांबून नट पुन्हा आवळायचा.

"मामा, वर्षभर माझं पीठ घातलं त्या गाडीवर! आता कशाला ढिलं करताय?"

"तीस पावलानं बोटं मरत न्हाईत, ताई," म्हणाले आणि गेले.

एका संध्याकाळी दळणाचा डबा पोचवायला मी त्यांच्या घरी गेले. मामी पुढच्या पत्र्याच्या भिंतीला पाठ टेकून डाळ निवडत होत्या. त्यांना वीसेक वर्षं ऐकू येत नाही, म्हणून मी खुणेनेच डबा दाखवला. एवढ्यात बाहेर गाडी खडखडत येऊन थांबली. मामींची त्या आवाजाकडे पाठ होती. पण त्या उठल्या, पदर सारखा केला आणि स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. मामा आत आले तेव्हा त्या दाराकडेच बघत होत्या.

मी निघाले तसे मामा दारापर्यंत आले.

"गाडी गप झाली आन् ही दचकायला लागली," ते हळू म्हणाले. खरं तर हळू बोलायची काही गरज नव्हती. "मी एकदम म्होरं उभा राहायचो. एकदा हातातलं दूध सांडलं, तवा रडली. म्हणली, तुमी आलेलं पत्र्यातून पाठीला कळायचं, आता कळंनाच."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"काय सांगायचं? तुमी पिठाचा हिशेब मागितला असता."

तेरा नंबरचा तो पाना आता माझ्या गिरणीच्या खिडकीत, खिळ्याला टांगलेला असतो. दुसऱ्या कुणी मागितला तर मी देत नाही.