चाव्या लपवणारा साहेब

आमच्या धुळ्यात हायवेलगत एक जुना परमिट रूम आहे. तिथलं भूत गिऱ्हाइकांच्या मोटारसायकलच्या चाव्या पळवतं. हसू नका, माझी तीनदा गेली आहे.

या भुताचे एकमेव प्रवक्ते म्हणजे नाना वेटर. वय साठीपुढचं, खांद्यावर फडकं, आणि स्वतः थेंबालाही शिवत नाहीत. तुम्ही तिसरा पेग मागवलात की शेवभाजीची वाटी पुढे सरकवून नाना सुरू होणार, "ही इमारत म्हणजे कापसाच्या जिनिंगवाल्या गोऱ्या साहेबाचा बंगला. साहेब पिऊन घोड्यावर बसला अन् दारातच पडून मेला. तेव्हापासून पिऊन गाडीवर बसणारा त्याला खपत नाही." दर वर्षी साहेबाची मिशी आणि घोडा, दोन्ही वाढत जातात. उठताना बघावं तर टेबलावरची चावी गायब! नाना शांतपणे म्हणणार, "चावी साहेबजोडे शे, भाऊ. सकाय भेटी." रिक्षाही तेच बोलावणार. साहेबाकडे गेलेली चावी सकाळी बडीशेपेच्या बरणीत मिळते.

गेल्या महिन्यात मालकाच्या मुलानं कारभार हाती घेतला. आल्या आल्या म्हणाला, "भुतानं धंदा बसतो. उद्यापासून साहेब बंद, नाहीतर नाना, तुम्ही बंद!"

नाना एकच टेबल चारदा पुसत राहिले. मला ते बघवेना. घरी येऊन बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी परमिट रूमच्या पायरीवर वीस-पंचवीस बायका! आमची ही सगळ्यांत पुढे, हातात नारळ. नव्या मालकाला म्हणाली, "साहेब आहे म्हणून आमची माणसं धड घरी येतात. त्याला हात लावलात, तर उद्यापासून एकही नवरा इथे फिरकणार नाही. बोला!"

बोलतो काय, कपाळ! बिचाऱ्यानं स्वतः नारळ सोलून दिला. आत दडून बसलेल्या आम्हा नवऱ्यांनी टाळ्या पिटल्या. असा विजय मी तरी जन्मात पाहिला नव्हता.

"नारळ कुणाच्या नावानं फोडायचा, नाना? साहेबाचं नाव काय?" हिनं विचारलं.

इतक्या वर्षांत आम्ही कुणी हे विचारलंच नव्हतं. नानांनी खांद्यावरचं फडकं काढून डोळे पुसले.

"सुनील," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ. इथूनच पिऊन गाडीवर निघाला होता. चावी मीच दिली हातात."

हिनं नारळ त्यांच्या हाती ठेवला. "तुम्हीच फोडा, नाना."

एका घावात फुटला.