नाडगौडा मॅडम आणि सासू-सुनेचं रक्त

आमच्या नाडगौडा मॅडम माणसाचा चेहरा विसरतात, पण शीर विसरत नाहीत. कॅम्प भागातल्या एका लग्नात नवऱ्या मुलाशी हात मिळवता मिळवता त्याची बाही वर सारून म्हणाल्या, "अरे, तू व्हय! कावीळवाला!" मुलीकडचे पांढरेफटक पडले.

बेळगावातल्या आमच्या लहानशा लॅबच्या त्या डॉक्टर, मी त्यांचा टेक्निशियन. पासष्टी उलटलेली, राहतात एकट्या. "घाई कुणाला हाय?" हे पालुपद. तपासणीत तुलनेला निरोगी रक्त लागलं की धडधाकट दिसेल त्याला पकडतात. चहावाला हल्ली किटली दारातूनच आत सरकवतो.

गेल्या वर्षी वडगावहून सुनंदा सासूला घेऊन आली. घरात कापड विणायच्या मागाचं काम. म्हातारीच्या हातापायांवर तळव्याएवढे काळेनिळे डाग. पडली नव्हती, आपटली नव्हती. गल्लीनं मात्र निकाल देऊन टाकला होता : सून मारते.

"मी हात लावला न्हाय ओ, मॅडम," सुनंदा रडू लागली. म्हातारी म्हणाली, "मी बी सांगून दमले. म्हणत्यात, भिऊन बोलतीया."

तपासलं, तर म्हातारीचं रक्त गोठायला फार वेळ लागत होता. आता त्यात निरोगी रक्त मिसळून बघायचं होतं. मॅडमची नजर माझ्याकडे वळायच्या आत सुनंदानंच हात पुढं केला. "झकास शीर!" मॅडम खूश.

दोघींच्या रक्तातलं पिवळसर पाणी एकत्र केलं. वेळेत गोठलं. म्हणजे म्हातारीच्या रक्तात काहीतरी कमी होतं, ते सुनेच्या रक्तानं भरून निघालं, असं मला वाटलं. मी रिपोर्ट लिहायला सरसावलो.

"घाई कुणाला हाय? ऊब दिऊन ठेव की रं."

बऱ्याच वेळानं पुन्हा पाहिलं. गोठणं परत लांबलं होतं! म्हातारीच्याच शरीरानं रक्त गोठवणाऱ्या घटकाशी वैर धरलं होतं. फार क्वचित होणारा आजार; त्यात मार न लागताही असे डाग उठतात.

"सासूचं रक्त सुनेच्या रक्तालाबी काम करू देत न्हाय," मॅडमनी सांगितलं, आणि रडता रडता सुनंदा हसली. "हे आमच्या गल्लीत येऊन सांगता काय ओ?"

मोठ्या दवाखान्यात औषधं सुरू झाली, डाग ओसरले. मग एका रविवारी मॅडम मला घेऊन वडगावात गेल्या. सुनंदाच्या दारात उभं राहून, शेजारणींना हाका मारून, मिश्रणाची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. बायका एकेक करून आपापल्या घरात गेल्या. पलीकडची एक आक्का तेवढी घरातून भाकरी घेऊन आली आणि सुनंदाच्या हातात ठेवून गेली.

आम्ही जेवायला बसलो. म्हातारीनं विचारलं, "तुमच्या घरात कोण असतंय, बाई?"

"मशीन असतंय की, लॅबात," मॅडम म्हणाल्या. मग ताटाकडं बघत, "पुढच्या रविवारी येऊ काय? तुमचे डाग बघायला?"

"डाग ऱ्हायलेत कुठं आता?" म्हातारी म्हणाली. मग तिनं मॅडमकडं नीट पाहिलं. "या. जेवायलाच या."